आमची कुंदा बोलायले लागली ते

मयुरी, मी बोलते तसंच लिहीत जाय. माह्यं बोलणं तुह्या शाळेसारखं नसलं तरी सुधरू नको. कुंदाचं सांगायचं आहे, ते नीट गेलं पाह्यजे.

कुंदा म्हणजे माह्यी धाकटी जाऊ. आमचं गाव रावेरच्या अंगाचं, जिकडं पाह्यलं तिकडं केळीचे बाग. माह्यं माहेर शिरपूरकडचं, तठी 'आहे'ले 'शे' म्हणतात. मी 'काय शे व' म्हटलं की आमच्या सासूबाई, धुरपदाबाई, म्हणायच्या, "आली शेवाली." त्या मले कामावरून कधी बोलल्या नाईत, बोलण्यावरून रोज बोलल्या. माह्यं तोंड सकाळी सुरू झालं की भाकरी करताना बी चालू, जेवताना बी चालू.

आन कुंदा त्याच्या उलट. काही विचारलं की हनुवटी हलवायची. वर केली तं हो, बाजूले केली तं नाई. मीठ कमी आहे का, पाहुणे जेवले का, म्हैस व्याली का, सर्व हनुवटीवर. तिचा नवरा, म्हणजे माह्ये दीर चुडामण भाऊजी, ते मले म्हणायचे, "वहिनी, ही लग्नाले हो म्हटली व्हती का, एकडाव विचारून सांगा नं."

पण तिचा एखादा शब्द निघाला तं त्याले वजन असायचं. एकदा आम्ही तिघं बागेत व्हतो. भाऊजी खाली पडलेली वाळकी पत्ती गोळा करू राह्यले. वाकले, हात घातला, आन कुंदा म्हणाली, "थांब."

एवढंच. भाऊजींचा हात तिथंच राह्यला. पत्तीखालून साप निघाला, पाण्याच्या दांडावरून सरकत गेला आपल्या वाटेनं. मी असती तं 'भाऊजी, अहो भाऊजी, साप, तुमच्या हाताशी, माय व माय' एवढं म्हणेपर्यंत तो चावून घरी गेला असता.

अशी ती. तिच्या ललितचं लग्न झालं, तो जळगावले पिंप्राळ्यात राहायले गेला. पाईपाच्या कारखान्यात पाळीपाळीनं काम. सून ज्योत्स्ना रक्त तपासायच्या लॅबमधी. पोरगी चांगली, कष्टाची. त्यांले हर्षल झाला. तो रांगायले लागला तशी सून कामावर जायले लागली, मंग पोराजवळ कोण? कुंदा गेली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी आन दोन लुगडी घेऊन गेली.

आता गावात लेकरू वाढतं ते दहा तोंडांत वाढतं. कोणी शिवी देतं, कोणी पप्पी घेतं, कोणी म्हणतं तुह्यी माय कुठी गेली रे. तठी काय? दुसऱ्या मजल्यावरचं घर. समोरच्या घरचे दोघं बी कामावर, दाराले कुलूप. गॅलरीतून पाह्यलं तं खाली गाड्या लावलेल्या. दिवसभर ती न बोलणारी बाई आन ते पोरगं, आन भिंतीवरचं घड्याळ.

सुनेनं आपला जुना मोबाईल घरात ठेवला व्हता, पोराले गाणी लावायले. मी जळगावले एका लग्नाले गेली व्हती तवा पाह्यलं, कुंदानं तो डाळीच्या डब्याले टेकवून उभा केलेला. त्याच्यासमोर हर्षू. मोबाईलमधी एक रंगीत अस्वल नाचतं, गातं, आन हे पोरगं पापणी हलवत नाई. कुंदा घास नेते, तोंड आपोआप उघडतं. चिमणीचं पिलू चोच उघडतं तं मायकडे पाहून उघडतं व मयुरी. हा अस्वलाकडे पाहून उघडायचा. घास कोणाच्या हातचा, हे त्याले ठाऊकच नाई.

मी म्हटलं, "कुंदा, हे काय लावलं?"

तवा ती मले म्हणाली, "अक्का, मले बोलता येत नाई. हा बोलतो. मराठी बोलतो, हिंदी बोलतो, इंग्रजी बोलतो. पोरगं याच्यापासून शिकंल. माह्यापासून काय शिकंल?"

तिच्या तोंडून एका दमात एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. मले वाटलं, एवढं बोलली म्हणजे विचार करूनच बोलली असंल. आन तिनं विचार केलाच व्हता. लोकं मोबाईल देतात ते पोरगं गप बसावं म्हणून. हिनं दिला तो पोरगं बोलावं म्हणून.

गॅलरीत पारवा येऊन बसला व्हता. हर्षू काचेजवळ गेला आन बोटानं काच सरकवू लागला, अशी, बाजूले. पारवा काही सरकेना. परत बोट फिरवलं. पारवा तिथंच. मंग त्यानं जे रडणं काढलं, काचेवर डोकं आपटू लागला. कुंदानं पळत जाऊन मोबाईल आणला, तवा शांत.

दोन वर्षं उलटली तरी पोरगं बोलेना. कोणी घाबरलं बी नाई. सून मले हसून म्हणायची, "मोठ्या आई, तो आईंवर गेलाय." ललित म्हणायचा, "आमच्या आईचाच नातू." बठ्ठे हसायचे. आपल्यात असंच असतं, नाक कोणाचं, चाल कोणाची, तसं मुकेपण आजीचं. कुंदा बी हनुवटी वर करायची. मले वाटतं, तिले बरं वाटायचं. पोरगं आपल्यासारखं आहे, असं.

मंग त्याले बालवाडीत घालायची वेळ आली. तठल्या बाईनं हाक मारली, "हर्षल बेटा." पाह्यलं नाई. पुन्हा मारली. नाई पाह्यलं. दुसऱ्या खोलीत कोणाच्या तरी मोबाईलवर ते अस्वलाचं गाणं वाजलं, हा असा पळाला की दाराशी चपला काढणारी बाई पाडली. बालवाडीच्या बाईनं सुनेले बाजूले घेतलं, म्हणाली, डॉक्टरले दाखवा.

डॉक्टरनं कान तपासले. कान चांगले. त्यानं बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडं पाठवलं. ती मॅडम भली, रागावली नाई कोणावर. तिनं सांगितलं, मोबाईल एकदम बंद करा. त्याच्या समोर माणसाचं तोंड पाह्यजे. बोला त्याच्याशी, आन त्याची पाळी त्याले द्या. उशीर झाला आहे, पण वाट आहे.

घरी आल्यावर सून चपला न काढता खाली बसली. म्हणाली, "आई, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही होत्या त्याच्याजवळ. एक शब्द टाकावासा वाटला नाही?"

ललित म्हणाला, "अगं, मोबाईल आपणच दिला होता."

"मी गाण्यांसाठी दिला होता. सांभाळायला नव्हता दिला." मंग रडली, मंग डोळे पुसले. "आखाजीपर्यंत पाहू. नाहीतर धुळ्याला माझ्या आईकडे ठेवते. तिथं घर भरलेलं आहे. बोलणारी माणसं आहेत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ती काही लांब नव्हती. कुंदानं हनुवटी वर केली. दुसऱ्या दिवशी पोराले कडेवर घेऊन एसटीनं गावी आली आन माह्या ओट्यावर उतरवला. म्हणाली, "अक्का, तू बोलते. म्हणून आणला."

मयुरी, तुले आठवत असंल, तू परीक्षेचा अभ्यास करू राह्यली व्हती आन तुले बसू दिलं नाई त्यानं. वाराच तो. इकडून तिकडं, तिकडून इकडं. भांडं घेतलं, फेकलं. माठाचं झाकण काढलं, फेकलं. बसवलं की उठला, उचलला की ताठ झाला, कमानीसारखा मागं वाकायचा. जेवण तं बंदच. मोबाईल नाई तं तोंड उघडायचं कशाले? दाखवलं काय आपण त्याले जेवणात? मले चावला, हा पाह्य वण. भिंतीवर बोट फिरवायचा, दारावर फिरवायचा, माह्या पोटावर फिरवला एकदा, पुढचं चित्र येतं का पाहायले. झोपेत बी बोट चालूच.

घरातले मोबाईल लपवले. तुह्या बापाचा कपाटात. चुडामण भाऊजी म्हणाले, "माह्या केळीचा माल जायची वेळ आहे, व्यापाऱ्याचा फोन येईल, मी बंद नाई करत." मंग त्यांनी काय केलं, कपड्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत पुरला. म्हणे गव्हात आवाज जात नाई.

दुपारी कोठी वाजायले लागली.

मोबाईल वाजला तशी पत्र्याची कोठीच घुमायले लागली, देवळातल्या ढोलासारखी. हर्षू ओट्यावरून सुटला, कोठीले धडक. झाकण वाजवतो, नखं लावतो, पत्र्याले तोंड लावून आरडतो. भाऊजी आले धावत, कोपरापर्यंत हात गव्हात घातला, मोबाईल काही सापडेना. "हॅलो, हॅलो" गव्हाले म्हणतात. गहू घरभर. कुंदानं पोराले उचलला तं त्यानं तिचे केस धरले, मूठभर आले हातात. ती तशीच त्याले घेऊन बागेच्या बांधापर्यंत गेली, परत आली, परत गेली. घरात कोणाचं मन एका जागी राहत नव्हतं.

मी तं सुरूच व्हती. तिनं विश्वासानं आणला, मंग मी कमी पडू का? सकाळपासून सांगू लागली, हर्षू हे पाह्य गाय, हे पाह्य शेण, आजोबा कुठी गेले, आजोबा बागेत गेले, बागेत काय करतात, तू काय खातं, भाकर खातं का, बोल, बोल नं बाबा. घसा बसला माह्या. तो कानावर हात ठेवायचा. खरंच ठेवायचा व, दोन्ही. एवढ्या दिवसांत त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई एकदा बी. मले मंग उमगलं की याच्या लेखी मी बी एक मोबाईलच. चालू आहे तं चालू आहे.

एका सकाळी कुंदा चुलीशी बसली व्हती. मले म्हणाली, "अक्का, काय बोलू?"

मी म्हटलं, "जे करते ते बोल. मी काय वेगळं बोलते?"

तिनं पोराले समोर बसवलं, पाठ भिंतीले. एकदा इकडं तिकडं पाह्यलं, चोरी करायची असल्यासारखं. मंग म्हणाली, "भाकर." थांबली. "भाकर थापते." थांबली. "भाकर टाकते." अशी, शाळेतलं पोरगं धडा वाचतं तशी. मले हसू आलं, पदर तोंडात धरला. चुडामण भाऊजी बागेतून आले आन दारातच उभे राह्यले. मले खुणेनं विचारलं, कोण बोलू राह्यलं? मी दाखवलं. ते आत आले नाईत. ओट्यावर बसले, टोपी काढून, आन तिची भाकर शेकून होईपर्यंत ऐकत राह्यले.

"एवढी भाकर मले कधी सांगितली नाई," मंग म्हणाले. पण आवाज मस्करीचा नव्हता.

हर्षू उठून पळालाच. पण कानावर हात नव्हते ठेवले, एवढं मी पाह्यलं.

आखाजी जवळ आली तशा गल्लीतल्या निंबाले झोके बांधले. माहेरवाशिणी यायले लागल्या, पोरी गौराईची गाणी म्हणू लागल्या. हर्षूले एका झोक्यावर बसवला, आन पाह्यलं तं काय, ते पोरगं निवलं. पुढं जाय, मागं ये, पुढं जाय, मागं ये. त्याच्या अंगात जे हुळहुळत व्हतं ते झोक्यात जायचं. उतरवला की परत किंचाळणं.

मंग कुंदानं काय केलं, त्याच्यामागं उभी न राहता पुढं उभी राह्यली. समोरून झोका द्यायची. थोडा वेळ दिला की 'थांब' म्हणून दोर धरायची. म्हणायची, "झोका?" आन गप.

तो पाय झाडायचा, आरडायचा, थुंकला बी तिच्यावर. ती दोर धरून गप उभी. मले दम निघेना. "बोल नं हर्षू, म्हण झोका, म्हण..." कुंदानं माह्याकडं पाह्यलं. सासूबाईंले मले कधी गप करता आलं नाई, हिनं नुसत्या नजरेनं केलं.

वाट पाहणं तिले येत व्हतं. जनमभर तेच तं केलं तिनं. पोरी कंटाळून दुसऱ्या झोक्यावर गेल्या. आन मंग त्यानं मान वर केली, तिच्या तोंडाकडं पाह्यलं. सरळ डोळ्यात. तिनं लगेच झोका दिला.

असे ते दोघं रोज. तिचं "झोका?" आन त्याची नजर. मंग नजरेबरोबर एक "अं" यायले लागला. त्याच्यापुढं काही नाई. आखाजी उद्यावर आली तरी "अं"च. कुंदा चुलीशी बसली की मी पाहायची. भाकर फाटायची तिची, जिची कधी फाटली नाई.

आखाजीच्या दिवशी ललित आन सून आले. मी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या व्हत्या, रस काढला व्हता. सून गल्लीत शिरतानाच म्हणाली, "हर्षू, माझं बाळ." तो झोक्यावर व्हता. त्यानं वळून पाह्यलं. सुनेच्या ते ध्यानात आलं, पाऊल थबकलं तिचं. आन नेमका तवाच तिच्या पर्समधला मोबाईल वाजला.

हर्षू चालत्या झोक्यावरून पडला. पडला तसा हातावर उठला आन पर्सवर तुटून पडला. आईले मारतो, पर्स ओढतो, जमिनीवर लोळतो, गुडघ्यातून रक्त, त्याचं भान नाई. सुनेचा हात पर्समधी गेला, सवयीनं, मोबाईल निम्मा बाहेर आला. मंग तिनं स्वतःच पाह्यलं आपण काय करू राह्यलो. बंद केला, ललितकडं दिला, तो घेऊन ललित गल्लीच्या टोकाले गेला.

जेवणं झाली, कोणाले गोड लागली नाईत. सून हळूच म्हणाली, "आई, मी कपडे भरते त्याचे."

मी सुरू झाली, "अगं, पोरगं पाह्यते आता, पह्यले पाहत नव्हतं, आता हाकेले..."

"मोठ्या आई, पाहतो. मलाही दिसलं. पण बोलत नाही." ती रागावलेली नव्हती, थकलेली व्हती. "शाळा सुरू व्हायच्या आत मला काहीतरी करावं लागेल ना."

कुंदानं हनुवटी हलवली नाई, वर बी नाई, बाजूले बी नाई. हर्षूले घेतलं आन झोक्यावर नेलं.

ऊन उतरलं. ललितनं गाडी दाराशी आणली. सून झोक्याजवळ गेली, पोराले काखेत धरून उचलू लागली. त्यानं दोर धरला. तिनं एक हात सोडवला, तवा दुसरा घट्ट. एकेक बोट सोडवू राह्यली बिचारी, डोळ्यातून पाणी, "चल ना बाळा, चल ना."

"थांब."

सुनेचा हात राह्यला. आम्ही सर्वांनी कुंदाकडं पाह्यलं. तोच शब्द, तेच तोडून टाकणं. चुडामण भाऊजींनी तं सवयीनं पायाखाली पाह्यलं, साप आहे का म्हणून.

कुंदानं हनुवटी पुढं करून झोक्याकडं दाखवलं.

"कोण बोललं?" सून म्हणाली. "आई, तुम्ही..."

कुंदानं परत दाखवलं.

हर्षू आईकडं पाहू राह्यला व्हता. ती मातीतच बसली झोक्यासमोर. "काय म्हणालास? परत म्हण. हर्षू, परत म्हण ना राजा. मम्मा म्हण. थांब म्हण." तिचं माह्यासारखंच सुरू झालं. तो तोंड फिरवू लागला. कुंदा तिच्यामागं जाऊन उभी राह्यली, खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "त्याची पाळी आहे. झोका दे, आन वाट पाह्य."

सुनेनं झोका दिला. एक हात डोळ्यावर, एक हात झोक्यावर.

त्या दिवशी तो परत बोलला नाई, मयुरी. लोकं सांगतात तसं काही झालं नाई, की धडाधडा बोलायले लागला. पण कपड्यांची पिशवी धुळ्याले गेली नाई. सून म्हणाली, "आई, तुम्हीच चला." कुंदा लुगडी बांधायले लागली तशी चुडामण भाऊजी ओट्यावरून म्हणाले, "आता कुठी तोंड उघडलं तिनं, तं घेऊन चालले."

कुंदा दारात थांबली. म्हणाली, "दिवाळीले येते. मंग सांगते." भाऊजींनी त्या चार शब्दांवर किती दिवस काढले, ते तू पाह्यतेच आहे.

आता पिंप्राळ्यात ती दार उघडं ठेवते. पोराले घेऊन जिन्यात बसते. दूधवाला आला की म्हणते, "दूध." थांबते. कोणाची गाडी सुरू झाली की म्हणते, "गाडी गेली." थांबते. समोरच्या घरची बाई सुट्टीच्या दिवशी येऊन बसते म्हणे जवळ. मॅडम सांगते की अजून लांब आहे, बरोबरीच्या पोरांच्या मागंच आहे तो. एका जागी बसत नाई अजून. काच दिसली की अजून बोट जातं. कोणाचा मोबाईल वाजला की कुंदा पोराचा हात धरते, अठी बसून मी बी दचकते. ललित आन सून घरात आले की मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवतात. कधी ठेवतात, कधी विसरतात. मले घोर लागलेलाच आहे.

परवा सुनेनं मले फोन केला, चित्राचा नाई, नुसत्या आवाजाचा. म्हणाली, "मोठ्या आई, हर्षूशी बोला." मी म्हटलं, "हर्षू, काय करू राह्यला रे, जेवला का, काय खाल्लं, दूध पेलं का, आजी कुठी आहे, झोका बांधला का बाबांनी, कधी येतं मंग गावाले..."

तिकडून बारीक आवाज आला. "आजी, थांब."

दोन शब्द व्हते. मी थांबली. फोन कानाले लावून कितीतरी वेळ तशीच उभी राह्यली, त्याची पाळी व्हती म्हणून.